त्रिकोणापुरतं इंग्रजी

काटकोनबाईंना पहिला धक्का मंगळवारी चौथ्या तासाला बसला. शिपायाने आणलेल्या सूचनावहीत त्यांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली आणि वही परत दिली. शिपाई मात्र दारातच घुटमळला. म्हणाला, "बाई, या वेळी वाचाच. बाकीचे सगळे वाचून खाली बसतायत."

बाईंनी वाचलं. पुढच्या वर्षापासून गणित आणि भूमिती हे विषय इंग्रजीतून शिकवले जातील. त्याची तयारी म्हणून सहा आठवड्यांनी शिक्षण खात्याचे तपासनीस येऊन प्रत्येक गणित शिक्षकाचा एक तास इंग्रजीतून बघतील. ज्यांना जमणार नाही त्यांची सोय खात्याच्या अभिलेख कक्षात केली जाईल.

अभिलेख कक्ष म्हणजे जुन्या उत्तरपत्रिकांचं गोदाम. मागे एकदा चित्रकलेच्या सरांना तिकडे पाठवलं होतं. ते अजून रस्त्यात भेटले की आधी शिंकतात आणि मग ओळख देतात.

बाई खाली बसल्या. सत्तावीस वर्षांत वर्ग चालू असताना त्या कधी खुर्चीला टेकल्या नव्हत्या. काटकोनबाई हे नाव मुलींनी त्यावरूनच ठेवलं होतं, कारण जमिनीशी त्यांचा कोन सदैव नव्वद अंशांचा. त्यांना बसलेलं बघून मुलींची खात्रीच पटली की बाईंच्या घरचं कुणीतरी गेलं. पहिल्या बाकावरची एक तर रडायलाही लागली.

बाईंचं इंग्रजी म्हणजे स्वतःची सही, घरचा पत्ता आणि 'थँक्यू'. यातलं 'थँक्यू' त्या फार जपून वापरत. शाळेत असताना इंग्रजीच्या परीक्षेत त्या जेमतेम पास झाल्या होत्या, आणि परीक्षकाला त्यांच्या पेपरातल्या सुंदर समासाची दया आली असावी, असं त्यांचं स्वतःचंच मत होतं. भूमितीत मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. हातात खडू घेऊन त्या फळ्यावर नुसत्या नजरेने साठ अंशांचा कोन काढत आणि मग कोनमापक लावून दाखवत. एका अंशाचाही फरक नसे. अशा बाईला उत्तरपत्रिका मोजायला पाठवणार होते.

घरी त्यांनी ही बातमी यजमानांना सांगितली. यजमान पाणीपुरवठ्याच्या मीटर विभागात वरिष्ठ लिपिक होते आणि कुठल्याही संकटाने गांगरत नसत, कारण संकट नेमकं काय आहे हे ते पूर्ण ऐकतच नसत.

"एवढंच ना? मी शिकवतो की," ते म्हणाले.

त्यांनी शिकवायला सुरुवात केली तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की यजमानांचं इंग्रजी पत्राच्या पहिल्या ओळीपुरतंच आहे. 'विथ रेफरन्स टू द अबव्ह' हे वाक्य ते झोकात म्हणत. पण पुढे काय, असं विचारलं की म्हणत, "पुढचं साहेब लिहितात."

खालच्या मजल्यावर एक निवृत्त स्टेशनमास्तर राहत. इमारतीत कुणाला काही झालं तरी सल्ला द्यायला ते पहिले हजर. ते वर आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "वहिनी, इंग्रजीची भीती बाळगू नका. एकच करायचं. जोरात बोलायचं आणि भराभर बोलायचं. ऐकणाऱ्याला चूक सापडेपर्यंत आपली गाडी पुढच्या स्टेशनात."

"आणि तोवर ऐकणाऱ्याने काही विचारलं तर?"

"आणखी जोरात बोलायचं."

शाळेतल्या इंग्रजीच्या सरांनी व्याकरणाची तीन पुस्तकं आणून दिली. एकेक पुस्तक भिंतीत बसवावं असं. सर म्हणाले, "बाई, नियमाने केलं तर दोन वर्षांत पाया पक्का होईल." बाईंकडे सहा आठवडे होते, त्यातले तीन दिवस सल्ले ऐकण्यात गेले होते.

चौथ्या दिवशी सकाळी कुकरची शिट्टी व्हायची वाट बघत असताना त्यांना सुचलं. आपल्याला सगळं इंग्रजी हवंय कशाला? आपल्याला त्रिकोणापुरतं हवंय. त्रिकोणाला तीन बाजू, तीन कोन, तीन शिरोबिंदू. एवढ्याशा घरात शब्द राहून राहून राहणार किती? पन्नास. साठ धरा. त्यांनी जुन्या दिनदर्शिकेचं पान उलटं केलं, त्यावर एक झकास त्रिकोण काढला आणि स्वयंपाकघरात ओट्यासमोर चिकटवला. बाजूला लिहिलं साइड. कोनाला अँगल. पायाला बेस. लघुकोन म्हणजे अक्यूट, काटकोन म्हणजे राइट, विशालकोन म्हणजे ऑब्ट्यूस. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी पारिभाषिक शब्दांची यादी असते, तिथून त्यांनी हे सगळं उतरवून घेतलं. सत्तावीस वर्षांत त्या यादीपर्यंत कुणी पोचल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

आणि मग एक गंमत झाली. शब्दांच्या पाठोपाठ व्याकरणही त्या त्रिकोणात येऊन राहू लागलं. 'अ' आणि 'द' यांनी बाईंना लहानपणी रडवलं होतं. कुठे 'अ' लावायचा आणि कुठे 'द', हे इंग्रजीच्या सरांनाही नीट सांगता येत नसे. ते म्हणत, कानाला कळतं. बाईंच्या कानाला कधी कळलं नव्हतं. पण आता फळीवरचं पीठ काढता काढता त्या एकदम थबकल्या. आपण फळ्यावर त्रिकोण काढतो तेव्हा तो कुणीही असतो, कुठलाही एक. म्हणून 'अ ट्रँगल'. मग आपण त्याला एबीसी नाव देतो. नाव दिलं की तो आपल्या ओळखीचा झाला. आता तो 'द ट्रँगल'. बाईंना इतका हर्ष झाला की त्या पिठाच्या हातांनीच बाहेर गेल्या आणि दाढी करणाऱ्या यजमानांना म्हणाल्या, "अहो, लग्नाआधी तुम्ही 'अ' होतात. आता 'द' आहात."

यजमानांनी वस्तरा खाली ठेवला. म्हणाले, "बरं वाटतंय ना तुला?"

तुलना तर फारच सोपी निघाली. कोन ए मोठा, कोन बी त्याहून मोठा, कोन सी सगळ्यांत मोठा. लार्ज, लार्जर, लार्जेस्ट. बिंदू रेषेवर असला तर ऑन, त्रिकोणात असला तर इन, दोन बिंदूंच्या मधे असला तर बिट्वीन. आणि 'जर-तर' साठी दुसरीकडे जायलाच नको, भूमिती जर-तर वरच तर उभी आहे. इफ टू साइड्स आर इक्वल, देन टू अँगल्स आर इक्वल. तीन आठवड्यांत बाई धडाधड वाक्यं बोलू लागल्या. जेवताना म्हणत, द स्पून इज बिट्वीन द प्लेट अँड द ग्लास. एकदा स्टेशनमास्तर जिना चढून धापा टाकत आले, तर बाईंनी त्यांच्याकडे कौतुकाने बघून सांगितलं की युअर बेस इज लाँगर दॅन युअर हाइट. स्टेशनमास्तरांनी थँक्यू म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्यांना कुणीतरी अर्थ सांगितला असावा, कारण आठवडाभर ते खालूनच हाक मारून सल्ले देत होते.

आता या प्रकरणात सरकारी कागद शिरला.

दुसऱ्या आठवड्यातच तासाला फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी गुण्या मोडला होता. नवा मागवायचा तर अर्ज खात्याच्या भांडारात, आणि अर्ज नव्या नियमाने इंग्रजीत. बाईंनी आनंदाने लिहिलं, 'वन राइट ट्रँगल, वुडन.' आठ दिवसांनी अर्ज परत आला. भांडारपालांनी लाल शाईत शेरा मारला होता: राइट मागितला आहे, लेफ्ट का मागितला नाही याचा खुलासा करावा.

बाई तो कागद हातात धरून पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या. मग स्वतः भांडारात गेल्या. टेबलावर फायली, फायलींवर चहाचा कप आणि कपाच्या वर भांडारपालांचा चेहरा.

"राइट म्हणजे उजवा नाही हो," बाई म्हणाल्या. "काटकोन. नव्वद अंश."

"मग असं लिहायचं ना, बाई. इथे मोजे, हातमोजे, बूट सगळं जोडीनेच येतं. एक दिला तर हिशोबात दुसऱ्याचं काय दाखवू?"

"पण डावा त्रिकोण असा नसतोच. हाच पालथा घातला की डावा होतो."

भांडारपालांनी विचार केला. "तसं मुख्याध्यापिकांचं पत्र आणा. की पालथा घातल्यावर डावा होतो, आणि पालथा घालण्याची जबाबदारी शाळेची."

ते पत्र गेलं.  आणखी आठ दिवसांनी पेटी आली. तिच्यात अगदी एकसारखे दोन गुण्ये होते, एकावर आर लिहिलेलं आणि दुसऱ्यावर एल. बाईंनी दोन्हींच्या पोचेवर निमूट सही केली. पण त्या दिवशी त्यांच्या मनात पहिल्यांदा एक नको ती गोष्ट आली. इंग्रजीत एका शब्दाला दोन अर्थ असू शकतात. ती त्यांनी लगेच झटकून टाकली, कारण पत्र लिहायचं होतं.

पत्र म्हणजे तपासनीस साहेबांना निमंत्रण. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुमची तयारी चांगली चाललीय म्हणतात. मग पत्र तुम्हीच लिहा. जरा चार शब्द बरे लिहा त्यांच्याबद्दल. साहेबांचं मन विशाल आहे, ते आपल्या चुका पोटात घालतील, असं काहीतरी."

बाईंनी दोन दिवस खपून ते पत्र लिहिलं. मन म्हणजे माइंड, हे त्यांना ठाऊक होतं. विशाल म्हणजे काय हे तर ओट्यासमोरच चिकटवलेलं होतं. त्यांनी लिहिलं, 'सर, यू हॅव ॲन ऑब्ट्यूस माइंड.' इथे 'अ' नाही, 'ॲन' येतो, हे आठवल्याचा त्यांना अभिमान वाटला. एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तरी बरं होतं. पण तुलनेचे तिन्ही प्रकार हाताशी असताना एकच वापरायचा म्हणजे कंजुषी. म्हणून पुढे लिहिलं की खात्यात आपल्याहून ऑब्ट्यूस कुणी नाही, आपण द मोस्ट ऑब्ट्यूस आहात, हे आमच्या मुलींनाही माहीत आहे.

मुख्याध्यापिकांनी ते मोठ्याने वाचलं. कानाला फार भारदस्त लागत होतं. त्यांनी एक प्रत सूचनाफलकावर लावली, मुलींना नमुना म्हणून, आणि मूळ पत्र गुरुवारी रजिस्टर पोस्टाने रवाना झालं.

शनिवारी शाळा अर्धी असते. बाई एक वाजता घरी आल्या तर यजमान पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडलेले. सकाळी बेंबीपाशी दुखत होतं, आता उजवीकडे खाली सरकलं होतं. ते एकटेच कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"काही नाही. चिठ्ठी दिलीय. सवडीने हॉस्पिटलात दाखवा म्हणाले." यजमानांनी चिठ्ठी पुढे केली. "तुला आता येतं ना? वाच बरं. फार काही नाही ना?"

डॉक्टरांचं अक्षर म्हणजे शाईत बुडालेली मुंगी कागदावरून घाईने गेल्यासारखं. पण मधले दोन शब्द बाईंना स्पष्ट लागले. अक्यूट अपेंडिसायटिस. दुसरा शब्द त्यांनी ऐकला होता, आणि छातीत धस्स झालं. पण पहिला शब्द वाचला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"अहो, अक्यूट आहे," त्या म्हणाल्या. "अक्यूट म्हणजे लघु. नव्वदच्या आतला. अगदी बारीकसं आहे काहीतरी."

यजमानांच्या कपाळावरचा घाम तेवढ्यापुरता थांबला. तरी खात्री करावी म्हणून बाईंनी खाली हाक मारली. स्टेशनमास्तर आठवडाभराचा राग विसरून तडक वर आले. चष्मा लावून त्यांनी चिठ्ठी लांब धरली, जवळ धरली.

"वहिनी, तुम्ही जोडून वाचताय. हे दोन शब्द आहेत. 'अ' वेगळं आणि 'क्यूट' वेगळं. क्यूट म्हणजे गोंडस. माझी नात सारखी म्हणते. डॉक्टरांना म्हणायचंय की एक छोटंसं, गोंडस अपेंडिक्स आहे."

'अ' वेगळा, हे बाईंनाही पटलं. डॉक्टरांनी अजून त्याला नाव दिलेलं नव्हतं, म्हणजे 'अ' बरोबरच होता. स्टेशनमास्तरांनी गरम पाण्याच्या पिशवीचा शेक सांगितला. पिशवी पोटावर ठेवली. सोमवारी अर्धी रजा टाकून हॉस्पिटलात जायचं ठरलं. यजमान कण्हत होते, पण त्यांना कण्हण्याची सवयच होती. मागे नख तुटलं होतं तेव्हाही ते असेच कण्हले होते.

साडेचार वाजता दार वाजलं. दारात डॉक्टर स्वतः, दवाखान्यातल्या चपलांवर.

"पेशंट कुठे आहेत?"

"आत आहेत की. या ना. सोमवारी जाणार आहोत आम्ही."

"सोमवारी?" डॉक्टर म्हणाले. "हॉस्पिटलातून मला तीनदा फोन आला. सर्जन थांबलेत, तुमचा पेशंट आलाच नाही म्हणून. मी यांना तडक जा म्हणालो होतो. बसूही नका, असंच जा म्हणालो होतो."

बाईंनी यजमानांकडे पाहिलं. यजमानांनी डोळे मिटून घेतले.

"पण ते तर अक्यूट आहे ना," बाई म्हणाल्या. "लघु."

डॉक्टरांनी बाईंकडे असं पाहिलं, जसं बाई पायथागोरसचं प्रमेय चुकणाऱ्या मुलीकडे पाहत. मग त्यांची नजर पोटावरच्या पिशवीकडे गेली. त्यांनी ती उचलली आणि विचारलं, "ही कुणी ठेवायला सांगितली?" स्टेशनमास्तर खिडकीतून बाहेर काहीतरी बारकाईने पाहू लागले.

पुढचं सगळं बाईंना तुटक तुटक आठवतं. डॉक्टरांची गाडी. मागच्या सीटवर आपल्या मांडीवर यजमानांचं डोकं, आणि ते गरम. हॉस्पिटलचं दार. स्ट्रेचर आत गेल्यावर एक सर्जन बाहेर येऊन म्हणाले की आणखी थोडा वेळ गेला असता तर आत फुटलं असतं, सही करा. बाईंनी सही केली. त्या वेळी स्वतःचं नाव इंग्रजीत लिहिताना त्या आयुष्यात पहिल्यांदा चुकल्या.

मग त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. पर्समध्ये खिशाएवढा शब्दकोश होता. पहिल्या आठवड्यात घेतलेला, पण त्रिकोण इतका पुरत होता की तो कधी उघडलाच नव्हता. बाईंनी तो उघडला. अक्यूट. तीव्र, तातडीचा, टोकदार. शेवटी, सगळ्यांच्या खाली, बारीक अक्षरात: (कोन) लघु.

बाईंना रडू आलं नाही. त्यांना फक्त असं वाटलं की आपण सत्तावीस वर्षं त्रिकोणाच्या ज्या घरात राहिलो त्याला मागच्या बाजूनेही एक दार होतं, आणि ते सताड उघडं होतं. नवऱ्याला त्या दारातून जवळजवळ बाहेर घालवलं होतं आपण. 'द' नवऱ्याला. एकुलत्या एका.

आणि मग, हळूहळू, त्यांनी 'ओ' अक्षराची पानं काढली.

ऑब्ट्यूस. बोथट, मंदबुद्धी, समज नसलेला.

शेजारी बसलेल्या एका आजींनी विचारलं, "कुणी जास्त आहे का, बाई?" बाई म्हणाल्या, "मोस्ट."

दोन तासांनी ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं. बाईंनी सर्जनला हात जोडले आणि मग तिथेच बाकावर आडव्या झाल्या. त्यांचा जमिनीशी असलेला कोन शून्य झालेला कुणी पाहिला असेल तर तो त्या वॉर्डातल्या आयांनी.

आठवडाभराने यजमान घरी आले. ते पांढरे पडले होते आणि फार गोड बोलत होते. बाई शाळेत गेल्या ते थेट मुख्याध्यापिकांच्या खोलीत. शब्दकोश उघडून त्यांनी पान पुढे केलं. मुख्याध्यापिकांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं.

"मोस्ट पण लिहिलंय आपण," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

"हो. आणि मुलींनाही माहीत आहे, असं लिहिलंय."

 मग मुख्याध्यापिका सावरल्या. "साहेबांचं उत्तर आलंय. पत्र वाचून आनंद झाला, उद्या येतो, असं म्हणतात. म्हणजे त्यांना कळलेलं नाही. ज्याला कळलेलं नाही त्याला आपण कळवायचं नाही. तो शब्द तासाला काढायचाच नाही. लघुकोन आणि काटकोन यावर भागवा." आणि त्या उठून सूचनाफलकावरची प्रत काढायला गेल्या. पण ती दहा दिवस तिथे होती, आणि मुली वाचायला शिकलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. जाडजूड, शांत, हसतमुख गृहस्थ. शेवटच्या बाकावर कसेबसे मावले. मुख्याध्यापिका दाराशी उभ्या.

बाईंनी फळ्यावर त्रिकोण काढला. आवाज सुरुवातीला कापला, पण हाताने नेहमीसारखी सरळ रेघ ओढली आणि मग जिभेलाही धीर आला. धिस इज अ ट्रँगल. आय कॉल इट एबीसी. नाऊ इट इज द ट्रँगल एबीसी. 'अ' चा 'द' कसा झाला ते त्यांनी एका मुलीला पुढे बोलावून दाखवलं: दारातून आली तेव्हा अ गर्ल, नाव सांगितलं की द गर्ल. मुली हसल्या. मग द पॉइंट इज ऑन द लाइन, द पॉइंट इज इन द ट्रँगल. मग जर-तर. मुली एका सुरात वाक्यं म्हणत होत्या, आणि साहेब वहीत भराभर लिहीत होते. पंचवीस मिनिटं अशी गेली. मुख्याध्यापिकांच्या चेहऱ्यावर रंग परतला.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. वर्गात सगळ्यांत हुशार, आणि म्हणूनच सगळ्यांत धोक्याची.

"बाई, नव्वदच्या वरच्या कोनाला ऑब्ट्यूस म्हणतात ना? विशाल. मग माणसाचं मन विशाल असलं तर ऑब्ट्यूस माइंड म्हणायचं का? फलकावर तसं होतं."

 दाराशी मुख्याध्यापिका होकारार्थी मान हलवत होत्या, इतकी हळू की फक्त बाईंना दिसावी. हो म्हणा. पुढे चला. एक 'हो' म्हटलं की अभिलेख कक्ष टळत होता.

बाईंनी हातातला खडू पाहिला. या खडूने त्यांनी आजवर चुकीचा कोन काढला नव्हता. हो म्हटलं तर चाळीस मुली तो अर्थ घेऊन घरी जाणार होत्या, आणि त्यातली एखादी उद्या कुठल्यातरी चिठ्ठीपुढे उभी राहणार होती.

"नाही," बाई म्हणाल्या. "तसं म्हणायचं नाही. तो शब्द कोनाला लावला तर विशाल. माणसाला लावला तर मंदबुद्धी. फलकावर होतं ते चुकीचं होतं. ते मी लिहिलं होतं. खाली बस."

शेवटच्या बाकावर लिहिण्याचा आवाज थांबला.

तास संपल्यावर मुख्याध्यापिकांच्या खोलीत तिघं बसली. साहेबांनी चहाला हात लावला नाही. त्यांनी बॅगेतून एक फाइल काढली आणि ती बराच वेळ न उघडता मांडीवर ठेवली.

"बाई," ते म्हणाले, "हा दुसरा अर्थ फार लोकांना माहीत असतो का?"

"शब्दकोश ज्याच्याकडे आहे त्याला, साहेब. माझी चूक आहे. शिक्षा द्याल ती मान्य आहे. पण मनात तसं काही नव्हतं. मला विशालच म्हणायचं होतं."

"ते कळलं मला." साहेबांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. "असं आहे, आमचंही वर्षाचं मूल्यमापन असतं. शाळांचे अभिप्राय जोडायचे असतात. तुमचं पत्र मला इतकं आवडलं की मी ते सगळ्यांत वर जोडलं. संचालकांकडे गेलं ते."

मुख्याध्यापिकांनी डोळे मिटले.

"परत आलंय कालच," साहेब म्हणाले आणि त्यांनी फाइल उघडली. बाईंच्या पत्राखाली हिरव्या शाईत एक ओळ होती. संचालकांची सही होती. लिहिलं होतं: पूर्णपणे सहमत.

 बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली. साहेबांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली, फाइल बंद केली आणि उठले. दारात थांबून म्हणाले, "माझ्या हाताखाली एकशे दहा शाळा आहेत. हा कागद माझ्या कार्यालयातल्या आठ माणसांच्या हातून गेला. सगळ्यांनी अभिनंदन केलं माझं." आणि ते निघून गेले.

बाईंनी त्याच संध्याकाळी कपाटातल्या जुन्या साड्या बाजूला काढल्या, गोदामात नेसायला. यजमान म्हणाले, "धुळीसाठी तोंडाला फडकंही लागेल," आणि स्वतःच्या जुन्या धोतराचं एक फडकं त्यांनी टाके सांभाळत फाडून दिलं.

दहा दिवसांनी आदेश आला, इंग्रजीत. सदर शिक्षिकेचा तास उत्तम आढळला. शब्दांचे अर्थ तपासून वापरण्याची आणि चूक सर्वांसमक्ष दुरुस्त करण्याची अशी सवय खात्यात अन्यत्र आढळली नाही. सबब पुढील वर्षापासून सदर शिक्षिकेने सर्व वर्गांना इंग्रजी हा विषय शिकवावा. त्यांचे भूमितीचे तास इंग्रजीच्या शिक्षकांकडे देण्यात यावेत.

बाई दुसऱ्यांदा वर्गात खाली बसल्या. अभिलेख कक्षाची त्यांनी मनाची तयारी केली होती. ही केली नव्हती. त्रिकोण वाचवायला म्हणून त्यांनी एवढा घाट घातला होता, आणि त्रिकोणच हातचा गेला. तिकडे शिक्षकांच्या खोलीत इंग्रजीचे सर कर्ण म्हणजे नक्की कुठली बाजू, असं शिपायाला विचारत होते.

बाईंनी त्याच दिवशी नकाराचा अर्ज लिहायला घेतला. आदेश ज्या भाषेत, उत्तर त्याच भाषेत, असा नियम. तीन संध्याकाळी त्या शब्दकोश उघडून बसल्या. प्रत्येक शब्दाचे सगळे अर्थ पाहिले, बारीक अक्षरातलेही. आपल्याला इंग्रजी येत नाही, आपल्याला येतं ते त्रिकोणापुरतं, यापलीकडे शिकवू लागलो तर पोरींचं नुकसान होईल, अशी विनंती त्यांनी अगदी साध्या, सरळ वाक्यांत केली. यजमानांनी 'विथ रेफरन्स टू द अबव्ह' सुचवलं. बाईंनी वर काही नाही म्हणून ते गाळलं.

उत्तर आठवड्याच्या आत आलं. खात्यात असं सहसा होत नाही. यजमान आता हिंडू फिरू लागले होते. त्यांनीच दारात पाकीट घेतलं आणि आत आणून दिलं. बाईंनी उभ्याउभ्याच उघडलं.

"काय म्हणतायत?" यजमानांनी विचारलं. "शब्दकोश देऊ?"

बाईंनी नको म्हणून मान हलवली. कागदावर दोनच ओळी होत्या, इंग्रजीत. अर्जदार शिक्षिकेच्या अर्जात एकही चूक आढळली नाही. इंग्रजी येत असल्याचा पुरावा म्हणून अर्ज सेवापुस्तकात जोडून घेतला असून, नकार अमान्य करण्यात येत आहे.

आयुष्यात पहिल्यांदाच एक सरकारी इंग्रजी कागद त्यांना पहिल्या वाचनात, कुणालाही न विचारता, अथपासून इतिपर्यंत कळला होता. त्या कागद हातात धरून तशाच उभ्या राहिल्या, आणि यजमानांनी मागून खुर्ची सरकवली.